प्रयोगशाळा आणि राज्याची तिजोरी

मतदान करून केंद्राबाहेर पडणाऱ्या नागरिकाच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर जांभळट शाईची एक रेघ असते. साबण लावला, दगडाने घासले, तरी ती काही दिवस जात नाही. शाईत चांदीचा एक क्षार असतो. तो कातडीवर बसतो आणि उजेड लागला की काळवंडतो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई देशभर वापरात आली. ती तयार होते म्हैसूरच्या एका सरकारी रंग-कारखान्यात. परंतु तिची कृती सिद्ध केली ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी.

ही प्रयोगशाळा सरकारी पैशाने उभी राहिली. आज हे वाक्य कोणालाही साधे वाटेल. सरकारने रस्ते बांधावेत, कालवे खणावेत, तशा प्रयोगशाळाही उभाराव्यात, यात नवल ते काय? पण शंभर वर्षांपूर्वी या देशात ही गोष्ट मुळीच साधी नव्हती. संशोधनासाठी राज्याच्या तिजोरीचे दार उघडावे म्हणून अनेकांनी अनेक वर्षे खटपट केली. तिच्यात शास्त्रज्ञ होते, उद्योगपती होते, तसेच विधिमंडळात उभे राहून पैसे मागणारे मुत्सद्दीही होते. ते दार अखेर कसे उघडले आणि उघडताना त्याची काय किंमत द्यावी लागली, याची हकीगत उद्बोधक आहे.

संशोधनाला गिऱ्हाईक कोण?

प्रथम एक मूलभूत अडचण ध्यानात घेतली पाहिजे. शेतकरी बी पेरतो तेव्हा चार-सहा महिन्यांनी पीक येईल, हे त्याला ठाऊक असते. व्यापारी माल भरतो तेव्हा तो कोठे खपेल, याचा त्याने अंदाज बांधलेला असतो. संशोधकाचे तसे नाही. त्याच्या पेरणीला कधी दोन वर्षांनी फळ येते, कधी वीस वर्षांनी. कधी येतच नाही. पुन्हा आलेले फळ ज्याने पेरले त्याच्याच पदरात पडेल, असेही नाही. निसर्गाचा एखादा नियम एकदा कळला की तो सर्वांचा होतो. म्हणून केवळ नफ्यावर दृष्टी ठेवणारा मनुष्य अशा कामात फारसा पैसा घालीत नाही. ज्या कामाचा लाभ सर्वांना आणि ज्याचा धोका मात्र एकट्याला, ते काम सर्वांच्या वतीने राज्यानेच केले पाहिजे, हा युक्तिवाद येथूनच उभा राहतो.

परंतु राज्याचीही एक अडचण असते. राज्याचा पैसा म्हणजे लोकांनी दिलेला कर. त्याचा हिशेब वर्षाला द्यावा लागतो. ३१ मार्च आला की जमाखर्चाची वही बंद होते आणि न वापरलेली रक्कम परत जाते. ‘यंदा काय निष्पन्न झाले?’ हा प्रश्न विधिमंडळ विचारणारच, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकारही आहे. संशोधनाचे पंचांग निराळे, तिजोरीचे पंचांग निराळे. या दोन पंचांगांचा मेळ घालणे, हेच या विषयातील खरे राजकीय काम होय.

जमशेटजींची योजना आणि कर्झनची शंका

हिंदुस्थानात या कामाचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो एका उद्योगपतीकडून. बडोदे संस्थानातील नवसारी येथे १८३९ मध्ये जन्मलेल्या जमशेटजी टाटांनी उच्च संशोधनाची एक संस्था काढण्याचे मनात घेतले आणि तिच्यासाठी सुमारे ३० लाख रुपयांची मिळकत देऊ केली. १८९८ सालच्या हिशेबाने ही रक्कम प्रचंड होती. नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईच्या बंदरात उतरले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबर १८९८ रोजी, या योजनेच्या पुरस्कर्त्यांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले.

कर्झनसाहेबांनी योजनेचे कौतुक केले, पण शंकाही काढल्या. एवढ्या उच्च शिक्षणाला विद्यार्थी मिळतील काय? मिळाले तरी शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोठे मिळणार? शंका अगदीच निरर्थक नव्हत्या. मात्र त्यांचे निरसन करता करता वर्षे लोटली. समित्या बसल्या, तज्ज्ञ विलायतेहून आले, अहवाल झाले. १९०४ मध्ये जमशेटजी वारले. म्हैसूर संस्थानाने बंगळूर येथे ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ च्या मे महिन्यात सरकारी आदेश निघून संस्था अस्तित्वात आली. पहिले विद्यार्थी दाखल झाले ते १९११ साली. आजची भारतीय विज्ञान संस्था ती हीच.

देणारा हात पुढे आलेला असताना, जमीन देणारे संस्थान तयार असताना, नुसत्या होकाराला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. यावरून त्या काळच्या सरकारची संशोधनाकडे पाहण्याची दृष्टी समजते. सर्वेक्षण, हवामान, भूगर्भ, वनस्पती या विषयांची खाती सरकारने पूर्वीच काढली होती, कारण राज्यकारभाराला त्यांची गरज होती. देशाचे उद्योग वाढावेत म्हणून संशोधन करणे हे मात्र सरकारचे काम मानले जात नव्हते.

विलायतेतील उदाहरण, येथील नकार

पहिल्या महायुद्धाने इंग्लंडचेच डोळे उघडले. रंग, औषधे, दुर्बिणींची भिंगे अशा कित्येक वस्तूंसाठी आपण जर्मनीवर अवलंबून आहोत, हे लढाई जुंपल्यावर इंग्रजांच्या ध्यानात आले. तेव्हा १९१६ मध्ये ब्रिटिश सरकारने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनाचे स्वतंत्र खाते उघडले आणि उद्योगांच्या सहकार्याने संशोधन व्हावे यासाठी दहा लाख पौंडांचा निधी बाजूला काढला.

‘मग हिंदुस्थानात असे खाते का नसावे?’ हा प्रश्न येथील शास्त्रज्ञ विचारू लागले. १९३० नंतरच्या काळात तो अधिक आग्रहाने पुढे आला. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते; जगदीशचंद्र बसू, प्रफुल्लचंद्र राय, मेघनाद साहा यांची नावे जगभर झाली होती. बुद्धीचा तुटवडा आहे, असे म्हणण्यास आता जागा उरली नव्हती. तथापि १९३४ मध्ये सरकारने या मागणीला नकार दिला. विलायतेसारख्या खात्याची येथे आवश्यकता नाही, असे ठरले. नुकसानभरपाई म्हणावी तसे १९३५ च्या एप्रिलपासून औद्योगिक माहिती व संशोधन यांचे एक लहानसे कार्यालय उघडण्यात आले. त्याचा वार्षिक खर्च सुमारे लाखभर रुपयांचा होता. मालाची पारख करणे आणि माहिती पुरविणे यापलीकडे त्याची मजल जाणे कठीणच होते.

त्याच सुमारास लाहोरला घडलेली एक घटना या आकड्याशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. रावळपिंडीकडील एका तेल कंपनीला जमिनीत भोक पाडताना मोठी अडचण येत होती. छिद्रात सोडलेला चिखल खाऱ्या थरांशी गाठ पडताच घट्ट होई आणि सगळे काम अडून बसे. पंजाब विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक शांतिस्वरूप भटनागर यांनी त्या चिखलात एक देशी गोंद मिसळून ही अडचण दूर केली. कंपनीच्या लंडनमधील चालकांनी आनंदून संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ती रक्कम स्वतः न घेता विद्यापीठातील संशोधनाकडे वळविली. एका कंपनीने एका प्रश्नाच्या निमित्ताने दीड लाख द्यावेत आणि सबंध देशाच्या औद्योगिक संशोधनासाठी सरकारने वर्षाला लाखभरच खर्चावेत, ही त्या काळची स्थिती होती.

युद्धाने आणलेली संधी

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्धाच्या खर्चामुळे सर्वत्र काटकसर आरंभली गेली आणि ते छोटेखानी कार्यालयही मोडीत काढण्याचे घाटू लागले. या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात व्यापार खात्याचे सभासद होते सर आरकॉट रामस्वामी मुदलियार. ते शास्त्रज्ञ नव्हते. मद्रास इलाख्याच्या राजकारणात मुरलेले ते एक वकील आणि मुत्सद्दी होते. त्यांनी येथे मोठा चाणाक्षपणा दाखविला. कार्यालय जरूर बंद करा, असे त्यांनीही म्हटले. पण ते पैसे वाचविण्यासाठी नव्हे, तर अधिक साधने आणि अधिक व्यापक कार्य असलेल्या नव्या मंडळाला जागा करून देण्यासाठी.

काटकसरीच्या सुरीनेच त्यांनी नव्या रोपासाठी खड्डा खणला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १ एप्रिल १९४० रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले. वार्षिक तरतूद पाच लाख रुपये, मुदत दोन वर्षे, अध्यक्ष मुदलियार आणि संशोधनाचे प्रमुख भटनागर. कलकत्त्याच्या अलीपूर भागात काम सुरू झाले.

सरकारचे मन कशाने वळले? विज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. युद्धामुळे युरोपातून येणारा माल थांबला. रंग, रसायने, औषधे, उपकरणे यांची टंचाई भासू लागली. सैन्याला तर रोज नवी गरज पडे. भटनागर आणि त्यांचे सहकारी या गरजांमागे लागले. बलुचिस्तानातील गंधक शुद्ध करणे, विषारी वायूपासून रक्षण करणारे कापड बनविणे, वनस्पती तेलांपासून इंधन व वंगण तयार करणे, गणवेशासाठी रंग सिद्ध करणे, अशी कामे त्यांनी थोड्या अवधीत हातावेगळी केली. जे पंचवीस वर्षांच्या विनंतीअर्जांनी झाले नाही, ते दीड वर्षाच्या निकडीने घडवून आणले.

१४ नोव्हेंबर १९४१

परंतु मंडळाची मुदत दोनच वर्षांची होती. युद्धाची निकड संपली की संशोधनही संपेल, ही भीती भटनागरांना होती आणि मुदलियारांनाही. तेव्हा दोघांनी दोन पावले टाकली.

पहिले पाऊल १९४१ च्या आरंभीचे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कृती कारखान्यापर्यंत पोहोचावी म्हणून उद्योगपतींचा समावेश असलेली एक समिती नेमण्यात आली. कारखानदारांनी कृती वापरली तर त्यांनी स्वामित्वशुल्क द्यावे आणि ते सरकारच्या सामान्य जमेत बुडून न जाता वेगळ्या निधीत जाऊन पुन्हा संशोधनालाच लागावे, हे सरकारने मान्य केले. ही गोष्ट वरवर लहान दिसते. परंतु संशोधनातून मिळालेला पैसा संशोधनाकडेच परत यावा, हे तत्त्व तिच्यात मान्य झाले.

दुसरे पाऊल अधिक मोठे. १४ नोव्हेंबर १९४१ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात मुदलियार उभे राहिले आणि त्यांनी औद्योगिक संशोधन निधी उभारण्याचा ठराव मांडला. दरवर्षी दहा लाख रुपये, याप्रमाणे पाच वर्षे, अशी त्यांची मागणी होती. विधिमंडळाने ती मान्य केली.

दहा लाख म्हणजे किती? १९४१ च्या शिरगणतीनुसार संस्थाने वगळून ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या साडेएकोणतीस कोटींच्या घरात होती. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत. म्हणजे रुपयाच्या एकशेब्याण्णव पै. या हिशेबाने दहा लाख रुपये वाटले तर माणशी एक पैसुद्धा पडत नव्हती. रक्कम अशी नगण्य होती. मग या ठरावाचे एवढे महत्त्व का मानावे? याचे उत्तर ‘दहा लाख’ या शब्दांत नसून ‘पाच वर्षे’ या शब्दांत आहे. पुढच्या वर्षी पैसे मिळतील की नाही, या विवंचनेत असलेला संशोधक लांबचा विचार करीत नाही. तो ३१ मार्चपूर्वी जे दाखविता येईल तेच करतो. पाच वर्षांची हमी मिळताच त्याच्या कामाची जातच बदलते. मुदलियारांनी विधिमंडळाकडून पैसा मागितला खरा, पण मिळविला तो काळ.

विज्ञान मंडळ की सरकारी खाते?

पैसा आला म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. तो खर्च कोणी करायचा? सरकारी खात्याकडे सोपविला तर एखादे काचेचे पात्र विकत घेण्यासाठीही कागद दहा टेबलांवरून फिरायचा. पूर्णपणे शास्त्रज्ञांच्या हाती दिला, तर लोकांच्या पैशाचा जाब द्यायचा कोणी? यातून जो मधला मार्ग काढण्यात आला, तो अभ्यास करण्याजोगा आहे. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद अस्तित्वात आली. ती सरकारचे खाते म्हणून नव्हे, तर १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याखाली नोंदलेली स्वायत्त संस्था म्हणून. गावातील ग्रंथालय किंवा शिक्षण मंडळ ज्या कायद्याखाली आपले नाव नोंदविते, तोच हा कायदा. पैसा सरकारचा, अध्यक्ष सरकारातील मंत्री, पण दैनंदिन निर्णय नियामक मंडळाचे, अशी ही रचना होती. स्वातंत्र्यानंतर परिषदेचे अध्यक्षपद पंतप्रधानांकडे आले आणि आजही ते त्यांच्याकडेच आहे.

पुढच्याच वर्षी भटनागरांनी पाच राष्ट्रीय प्रयोगशाळांची योजना मांडली. भौतिकी, रसायन, धातुविज्ञान, इंधन, आणि काच व मृत्तिका असे तिचे पाच विषय. १९४३ च्या अखेरीस इंग्लंडहून प्राध्यापक ए. व्ही. हिल हिंदुस्थानात आले. ते नोबेल पारितोषिक मिळालेले शरीरशास्त्रज्ञ, रॉयल सोसायटीचे चिटणीस आणि त्याचबरोबर ब्रिटिश पार्लमेंटचे सभासदही होते. प्रयोगशाळेची भाषा आणि सभागृहाची भाषा, दोन्ही त्यांना अवगत होत्या. काही महिने देशभर हिंडून त्यांनी संशोधनाची मध्यवर्ती संघटना बळकट करण्याचा सल्ला दिला. १९४४ मध्ये नेहमीच्या दहा लाखांखेरीज प्रयोगशाळांच्या उभारणीसाठी सरकारने एक कोटी रुपये मंजूर केले आणि टाटा उद्योगसमूहाने रसायन, धातू व इंधन या प्रयोगशाळांसाठी वीस लाखांची देणगी दिली.

अशा रीतीने १९३५ मधील लाखभर रुपयांपासून १९४४ मधील कोटीपर्यंतचा प्रवास नऊ वर्षांत झाला.

विटा, चुना आणि माणसे

१९४७ च्या जानेवारीत दिल्लीच्या भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला पंडित जवाहरलाल नेहरूंनी बसविली. देश स्वतंत्र झाला आणि पाठोपाठ या वास्तू उभ्या राहू लागल्या. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी दिल्ली, धनबाद, कलकत्ता आणि जमशेदपूर येथील प्रयोगशाळा सुरू झाल्या. म्हैसूरला अन्नविषयक, लखनौला औषधविषयक, भावनगरला मिठाविषयक संशोधन सुरू झाले. तमिळनाडूतील कारैकुडी या गावात तर अळगप्पा चेट्टियार या दानशूर गृहस्थांनी तीनशे एकर जमीन आणि पंधरा लाख रुपये देऊन विद्युत्-रसायन संस्था आपल्या गावी आणली.

जुन्या संस्थानांचा वारसाही यात मिसळला. हैदराबादेत निजाम सरकारने १९४४ मध्ये काढलेली प्रयोगशाळा १९५६ मध्ये परिषदेकडे आली. तीच आजची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय पाहणीतून १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली आणि ती पुढे गोव्यात दोनापावल येथे स्थिरावली. म्हशीच्या दुधापासून लहान मुलांचे अन्न बनविण्याची कृती म्हैसूरच्या संस्थेने बसविली. परदेशी डब्यांवर विसंबणाऱ्या घरांना तिचा किती आधार झाला असेल, हे सांगायला नको.

एवंच, जे मिळाले ते थोडे नव्हते. तरीही जे गमावले त्याचाही उल्लेख केला नाही तर हकीगत अपुरी राहील.

साहांची तक्रार

राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्या विद्यापीठांच्या बाहेर. उत्तम उपकरणे तेथे गेली, उत्तम वेतन तेथे मिळू लागले, साहजिकच उत्तम माणसेही तिकडे ओढली गेली. विद्यापीठांत राहिले ते अध्यापन, परीक्षा आणि जुनी उपकरणे. ज्या ठिकाणी तरुण विद्यार्थी असतात त्या ठिकाणी संशोधन नाही आणि ज्या ठिकाणी संशोधन आहे त्या ठिकाणी तरुण विद्यार्थी नाहीत, अशी विचित्र फाळणी झाली.

याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत मेघनाद साहा प्रमुख होते. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांची प्रकृती ओळखण्याचे सूत्र शोधणारा हा शास्त्रज्ञ १९३५ पासून आपल्या नियतकालिकातून विज्ञान आणि राष्ट्रीय नियोजन यांचा प्रश्न मांडीत होता. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली, तीतही साहांचा मोठा वाटा होता. सरकारी पैसा संशोधनाला मिळावा यासाठी त्यांच्याइतका झगडणारा दुसरा शास्त्रज्ञ विरळाच. परंतु तो पैसा विद्यापीठांतून खेळावा, तेथे माणसे तयार व्हावीत, हा त्यांचा आग्रह होता. १९५२ मध्ये ते कलकत्त्याहून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि १९५६ मध्ये निधन होईपर्यंत सरकारच्या विज्ञानविषयक धोरणाची त्यांनी सभागृहात परखड छाननी केली. रामन यांचाही या भव्य वास्तूंवर विश्वास नव्हता. संशोधन इमारतींनी होत नाही, माणसांच्या जिज्ञासेने होते, अशी त्यांची दृष्टी होती.

भटनागरांच्या बाजूनेही बोलण्याजोगे पुष्कळ आहे. त्या वेळची विद्यापीठे निरनिराळ्या प्रांतांच्या ताब्यात, त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या. त्यांची सुधारणा होईपर्यंत थांबायचे ठरविले असते तर आणखी पंधरा वर्षे गेली असती. उघडलेले दार पुन्हा बंद होण्यापूर्वी जेवढे आत घेता येईल तेवढे घ्यावे, असा त्यांचा व्यवहार होता. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. मात्र निवड एकदा झाली की तिचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि या निवडीचे परिणाम आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दिसतात.

शंभर रुपयांमागे चौसष्ट पैसे

१३ मार्च १९५८ रोजी नेहरूंनी लोकसभेत विज्ञानविषयक धोरणाचा ठराव वाचून दाखविला. विज्ञानाची जोपासना सर्व योग्य मार्गांनी करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे त्यात मान्य करण्यात आले. १९३४ च्या नकारापासून १९५८ च्या या स्वीकारापर्यंत चोवीस वर्षे लागली. तत्त्वाचा वाद तेथे संपला. मागे राहिला तो मापाचा वाद.

तो अद्याप संपलेला नाही. २००३ च्या विज्ञान धोरणात संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०२०-२१ मध्ये सरकारी व खासगी मिळून हा खर्च ०.६४ टक्के होता. म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर शंभर रुपयांमागे चौसष्ट पैसे. ९ ऑगस्ट २०१७ रोजी देशातील अनेक शहरांत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी तीन टक्क्यांची मागणी केली. प्रयोगशाळेतील माणसांनी फलक हाती घेऊन चालावे, हा प्रसंग विरळा खरा. परंतु मागणी जुनीच होती.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेने नवा कायदा करून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरविले. त्याचे अध्यक्षपदही पंतप्रधानांकडे आहे. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करावयाचे. त्यांपैकी सुमारे १४,००० कोटी केंद्र सरकारने द्यावयाचे आणि सुमारे ३६,००० कोटी उद्योग व इतर बिगरसरकारी मार्गांनी यावयाचे, अशी ही योजना आहे. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत संशोधन रुजविणे हा तिचा एक उद्देश सांगितला गेला. साहांची तक्रार सत्तर वर्षांनी कायद्याच्या पानावर उमटली, असे म्हणता येईल.

येथेही ‘पाच वर्षे’ हे शब्द आहेत. १९४१ मध्ये ते होते, तसेच. मात्र एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. मुदलियारांनी मागितलेले दहा लाख अल्प असले तरी ते सबंध सरकारच्या तिजोरीतून यावयाचे होते. नव्या योजनेतील मोठा वाटा इतरांच्या हातून यावयाचा आहे, आणि उद्योगांचा हात उपयोगाच्या दिसणाऱ्या संशोधनाकडे आधी वळतो, हा जगाचा अनुभव आहे. ज्या संशोधनाला अजून गिऱ्हाईक नाही त्याचे काय, हा आरंभीचाच प्रश्न फिरून पुढे येतो.

मागणाऱ्यांची जबाबदारी

या सर्व हकीगतीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक अशी की, संशोधनाला सरकारी पैसा आपोआप कधीच मिळालेला नाही. तो मागावा लागला, पटवून द्यावा लागला, आणि पटवून देणाऱ्याला ऐकणाऱ्याची भाषा बोलावी लागली. भटनागरांनी गंधक आणि वंगण पुढे केले, तेव्हा कोठे भौतिकी आणि रसायनाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. दुसरी अशी की, केवळ रकमेकडे पाहून भागत नाही. पैसा किती काळासाठी आहे, तो कोणाच्या हाती आहे आणि तो कोणत्या दारातून जातो, यावर त्याचे फळ अवलंबून असते. थोडा पण खात्रीचा पैसा मोठी कामे उभी करतो. पुष्कळ पण बेभरवशाचा पैसा वाया जातो.

मागणी करण्याचे काम एकट्या शास्त्रज्ञांचे नाही. १९४१ मध्ये विधिमंडळाची निवड करण्याचा अधिकार मूठभर लोकांनाच होता. आज तो प्रत्येक प्रौढ नागरिकाला आहे. रस्ता झाला का, नळाला पाणी आले का, हे उमेदवाराला विचारले जाते, आणि ते विचारलेच पाहिजे. गावच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत उपकरणे आहेत का, हेही त्याला विचारण्याजोगे आहे. मतदान झाल्यावर बोटावर जी शाईची रेघ उरते, ती ज्या प्रयोगशाळेतून आली तिच्यासाठी एके काळी कोणाला तरी सभागृहात उभे राहून पैसे मागावे लागले होते. ती रेघ काही आठवड्यांनी नखाबरोबर वाढत वाढत निघून जाते. तोपर्यंत तरी या प्रश्नाची आठवण राहावी.